मोडल आणि क्रियाविशेषण : ‘ऑलवेज’ नेमका कुठं बसवायचा?

‘आय ऑलवेज कान्ट कम ऑन सॅटर्डेज.’

वाळूज किंवा शेंद्र्याच्या कंपनीत मुलाखतीला बसलेला उमेदवार हे वाक्य सहज बोलून जातो. त्याच्या मनातलं मराठी वाक्य साधं असतं : मला शनिवारी नेहमी येता येणार नाही, कधी जमेल, कधी नाही. ऐकणारा मात्र समजतो, हा शनिवारी कधीच येणार नाही. उच्चार ठीक, शब्द ठीक, काळ ठीक. चुकली ती फक्त ‘ऑलवेज’ची जागा. ‘आय कान्ट ऑलवेज कम’ म्हटलं असतं तर काम झालं असतं.

दहावी-बारावीला मोडल ऑक्झिलरी, म्हणजे कॅन, मस्ट, मे यांसारखी सहायक क्रियापदं, आपण शिकतो ते ‘मस्ट म्हणजे सक्ती, मे म्हणजे परवानगी’ असे, एकेकटे. क्रियाविशेषणं वेगळ्या धड्यात असतात. रोजच्या इंग्रजीत मात्र ही दोघं जोडीनं फिरतात, आणि अर्थ जोडीत असतो. तेव्हा सुटे शब्द बाजूला ठेवून जोड्या शिकायच्या, आणि प्रत्येक जोडीत नकार कुठल्या बाजूला आहे ते पाहायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

लागणारं साहित्य

- एक रेघी वही. प्रत्येक पानाचे तीन रकाने : मराठी वाक्य, इंग्रजी जोडी, तीच जोडी नकारात.
- इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, उदाहरणवाक्यं असलेला. मोबाइलवर फुकट मिळतो. खिशातला इंग्रजी-मराठी कोश इथं पुरत नाही. तो ‘वेल’ म्हणजे ‘चांगले’ एवढंच सांगतो, ‘मे’च्या शेजारी बसल्यावर ‘वेल’ काय करतो ते सांगत नाही.
- मोबाइलमधला आवाज रेकॉर्डर.
- रोजची 20 मिनिटं. एका बैठकीत तीन-चारपेक्षा जास्त जोड्या घेऊ नका, त्या एकमेकींत मिसळतात.

1. आधी जागा ओळखा

मुख्य मोडल नऊ : कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. बोलण्यात ‘शॅल’ फारसा येत नाही, तो सध्या सोडला तरी चालेल.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि बाकीचं सगळं त्याच्या आधी रांगेत उभं राहतं : मी उद्या नक्की लवकर येईन. इंग्रजीत मोडल क्रियापदाचे दोन तुकडे करतो, ‘विल’ आणि ‘कम’. आपण सवयीनं तिन्ही क्रियाविशेषणं या दोघांच्या मध्ये कोंबतो : ‘आय विल टुमॉरो डेफिनेटली अर्ली कम.’ त्या फटीत इतकी गर्दी मावत नाही.

मोडल आणि क्रियापदाच्या मध्ये बसतात ती ही : ऑलवेज, नेव्हर, ऑफन, युज्वली, प्रॉबेबली, डेफिनेटली, सर्टनली, ऑल्सो, स्टिल, जस्ट, ओन्ली, ईव्हन, सून, ऑलरेडी, हार्डली. किती वेळा आणि किती खात्रीनं हे सांगणारे शब्द असं लक्षात ठेवा.

कसं, कुठं आणि नेमकं कधी हे सांगणारे शब्द शेवटी जातात : स्लोली, केअरफुली, हिअर, टुमॉरो, ऑन मंडे. म्हणून : ‘आय विल डेफिनेटली कम अर्ली टुमॉरो.’

‘-ली’ लागलेले रीतवाचक शब्द लिखाणात मध्येही चालतात. ‘यू शुड केअरफुली रीड द फॉर्म’ चूक नाही, थोडं कागदी वाटतं इतकंच. पण फास्ट, हार्ड आणि ‘चांगलं’ या अर्थाचा वेल मध्ये बसत नाहीत. ‘ही कॅन फास्ट टाइप’ नव्हे, ‘ही कॅन टाइप फास्ट’. आणि क्रियापद व त्याचं कर्म यांच्या मध्ये काहीच घुसवायचं नाही. ‘यू शुड रीड केअरफुली द फॉर्म’ हे वाक्य आपल्याकडच्या नोटीस बोर्डांवर सर्रास दिसतं, तरीही चूकच.

2. मध्ये कुणी आलं तरी क्रियापद मूळ रूपातच

‘ही कॅन गेट’ बरोबर म्हणणारा माणूस मध्ये ‘इझिली’ आला की ‘ही कॅन इझिली गेट्स’ म्हणतो. मोडल लांब गेला की त्याचा विसर पडतो. ‘टू’चंही तसंच : ‘यू मस्ट ऑलवेज टू कॅरी आयडी’. तपासायची सोपी युक्ती म्हणजे क्रियाविशेषणावर बोट ठेवून वाक्य वाचा. ‘यू मस्ट टू कॅरी’ लगेच कानाला खटकेल.

3. नकार : सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

मराठीत ‘नाही’ शेवटी येतो आणि तो नेमका कशाला नाकारतो ते बोलण्याच्या हेलावरून कळतं. इंग्रजीत हेल नसला तरी जागा सगळं सांगते. नियम एकच : नकाराच्या उजवीकडं जे उभं असेल ते नाकारलं जातं, डावीकडं असेल ते शाबूत राहतं.

‘ऑलवेज’चं उदाहरण वर आलंच. ‘कान्ट ऑलवेज’ म्हणजे दरवेळी नाही, कधीकधी जमेल. ‘कधीच नाही’ म्हणायचं असेल तर ‘कॅन नेव्हर’ म्हणा. ‘ऑलवेज कान्ट’ वापरूच नका.

‘रिअली’ : ‘आय रिअली कान्ट ईट मोअर’ म्हणजे आता खरंच घास उतरणार नाही. ‘आय कान्ट रिअली ईट मोअर’ म्हणजे तसं नको वाटतंय. पहिल्यात ठाम नकार आहे, दुसऱ्यात भीडेचा. वरिष्ठांनी जादा काम विचारल्यावर ‘आय कान्ट रिअली’ म्हणाल तर ते पुन्हा विचारतील, कारण तुम्ही दार अर्धं उघडं ठेवलंत.

‘जस्ट’ : ‘यू कान्ट जस्ट लीव्ह’ म्हणजे असं उठून निघून जाता येणार नाही. ‘आय जस्ट कान्ट लीव्ह’ म्हणजे मला निघवतच नाही. शब्द तेच, पण पहिलं वाक्य दुसऱ्याला दिलेला दम आहे आणि दुसरं स्वतःची अडचण.

‘पॉसिबली’ : इथं सगळ्यात जास्त लोक पडतात. पॉसिबली म्हणजे ‘कदाचित’ असं पाठ असतं. मग समोरचा ‘आय कान्ट पॉसिबली कम टुडे’ म्हणाला की आपण समजतो, कदाचित येणार नाही, म्हणजे यायचाही. तसं नाही. ‘कान्ट’नंतरचा ‘पॉसिबली’ शक्यतेचं दारच बंद करतो : आज येणं शक्यच नाही. चहा ठेवू नका.

‘प्रॉबेबली’, ‘डेफिनेटली’, ‘सर्टनली’ : हे ‘वोन्ट’च्या आधी. ‘ही प्रॉबेबली वोन्ट कम.’ ‘ही वोन्ट प्रॉबेबली कम’ असं कुणी म्हणत नाही. ‘विल’ आणि ‘नॉट’ सुटे असतील तर मात्र मध्ये बसतो : ‘ही विल प्रॉबेबली नॉट कम.’

‘नेसेसरिली’ याच्या उलट, नेहमी नकारानंतर. ‘द मॉन्सून वोन्ट नेसेसरिली रीच अस इन द फर्स्ट वीक ऑफ जून.’ पहिल्या आठवड्यात येईलच असं नाही. मराठीतलं ‘-लच असं नाही’ दिसलं की हा शब्द काढा.

‘स्टिल’ : ‘आय स्टिल कान्ट ओपन द फाइल’ म्हणजे अजूनही उघडत नाही. ‘कान्ट स्टिल’ नको. ‘अजून येत नाही, पुढं येईल’ असं असेल तर वाक्याच्या शेवटी ‘येट’ : ‘आय कान्ट ड्राइव्ह येट.’

‘मलाही येता येणार नाही’ याचं ‘आय कान्ट ऑल्सो कम’ करू नका. नकारात ‘ऑल्सो’ जातो आणि शेवटी ‘आयदर’ येतो : ‘आय कान्ट कम आयदर.’

4. पोटात नकार असलेले शब्द

हार्डली, बेअर्ली, स्केअर्सली, नेव्हर. यांच्यासोबत ‘नॉट’ लावला की दुहेरी नकार होतो. ‘आय कान्ट हार्डली हिअर यू’ काही बोलींत ऐकू येतं, पण मुलाखतीत किंवा ईमेलमध्ये ते चूक धरलं जातं. ‘आय कॅन हार्डली हिअर यू’ पुरे : तुमचा आवाज जवळजवळ येतच नाही.

‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ची गल्लत तर महागात पडते. ‘ही कॅन वर्क हार्ड’ म्हणजे तो कष्टाळू आहे. ‘ही कॅन हार्डली वर्क’ म्हणजे त्याच्यानं काम जवळजवळ होतच नाही. शिफारसपत्रात दुसरं वाक्य गेलं तर बिचाऱ्याची नोकरी गेली.

‘बेअर्ली’ कसाबसा, जेमतेम. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते बाहेरच्या माणसाला सांगायचं तर : ‘द सिटी कुड बेअर्ली मॅनेज दॅट समर.’ निभावलं, पण कसंबसं. ‘बेअर्ली’त काम होतं, ‘हार्डली’त जवळजवळ होत नाही.

5. मराठी ‘च’चं काय करायचं

आपला ‘च’ कुठल्याही शब्दाला चिकटतो. मराठवाड्यातल्या दखनीतही ‘वोइच’, ‘ऐसाइच’ करत तोच ऐकू येतो. इंग्रजीत त्याला एकच प्रतिशब्द नाही, आणि आपण मात्र सगळीकडं ‘ओन्ली’ लावून मोकळे होतो.

‘माल उद्याच मिळेल’ याचे मराठीत दोन अर्थ : उद्या नक्की मिळेल, किंवा उद्याशिवाय मिळणार नाही. पहिल्यासाठी ‘यू विल डेफिनेटली गेट इट टुमॉरो’. दुसऱ्यासाठी ‘यू विल ओन्ली गेट इट टुमॉरो’. आपल्या तोंडात बसलेलं ‘यू विल गेट इट टुमॉरो ओन्ली’ भारतात सगळ्यांना कळतं. परदेशी ग्राहक मात्र ‘म्हणजे आज नाहीच का?’ असं समजून नाराज होतो, आणि आपण तर त्याला दिलासा देत होतो.

बाकीच्या ‘च’ची विल्हेवाट अशी :

- यायलाच पाहिजे : ‘यू रिअली मस्ट कम.’
- शक्यच नाही : ‘कान्ट पॉसिबली’.
- तोच करू शकतो : ‘ओन्ली ही कॅन डू इट.’
- तो फक्त बघू शकतो, हात लावू शकत नाही : ‘ही कॅन ओन्ली लुक.’

शेवटच्या दोन वाक्यांत ‘ओन्ली’ कुठं सरकला ते पाहा. अजिंठ्याला गाइडचं काम करणाऱ्यानं हे पक्कं करावं. ‘यू कॅन ओन्ली टेक फोटोज विदाउट फ्लॅश’ म्हणजे फोटो काढा, पण फ्लॅश नको. ‘ओन्ली यू कॅन टेक फोटोज’ म्हणजे फोटोची परवानगी एकट्या तुम्हालाच. बाकीचे पर्यटक भांडायला येतील.

6. तयार जोड्या : यांचा शब्दशः अर्थ लावू नका

*कॅन ऑलवेज.* ‘नेहमी’ इथं नाहीच. हा आपला ‘आहेच की’. रिझर्व्हेशन नाही मिळालं तर एसटी आहेच की : ‘वी कॅन ऑलवेज टेक द बस.’ दुसरा पर्याय सुचवताना याहून सोपी जोडी नाही.

*माइट अ‍ॅज वेल.* ‘आलोच आहोत तर’. वेरूळला निघालेल्यांना वाटेत दौलताबाद लागतं. आलोच आहोत तर किल्लाही पाहून घेऊ : ‘वी माइट अ‍ॅज वेल सी दौलताबाद टू.’ उत्साह नाही, पण हरकतही नाही, असा सूर. म्हणून यजमानानं जेवायला बोलावल्यावर ‘आय माइट अ‍ॅज वेल ईट’ म्हणू नका. ‘दुसरं काही नाही तर जेवतो’ असं ऐकू जातं.

*मे वेल, माइट वेल, कुड वेल.* सोयाबीनचा भाव दिवाळीनंतर पडूही शकतो बरं का, शक्यता चांगलीच आहे : ‘द रेट मे वेल फॉल आफ्टर दिवाळी.’ नुसत्या ‘मे’पेक्षा वजन जास्त. हा ‘वेल’ शुड, विल आणि मस्टबरोबर जात नाही. ‘कॅन’बरोबर जातो तो ‘आय कॅन वेल इमॅजिन’, ‘आय कॅन वेल बिलीव्ह’ अशा मोजक्या ठिकाणी. नकार करताना ‘मे वेल नॉट’, ‘मे नॉट वेल’ नाही.

*शुड प्रॉबेबली.* आता निघालेलं बरं : ‘वी शुड प्रॉबेबली लीव्ह नाउ.’ मोठ्यांना, पाहुण्यांना सुचवायला उत्तम.

*हॅड बेटर.* दिसायला ‘बेटर’, पण आत ‘नाहीतर’ दडलेलं. निघ आता, नाहीतर देवगिरी एक्सप्रेस चुकेल : ‘यूड बेटर लीव्ह नाउ.’ बरोबरीच्या माणसाला ठीक, साहेबांना हा धमकीचा सूर वाटतो. ‘सर, यू हॅड बेटर साइन धिस’ अजिबात नको. नकार शेवटी : ‘यूड बेटर नॉट’.

*वुड रादर.* ‘त्यापेक्षा’. ‘आयड रादर वेट.’ त्यापेक्षा मी थांबेन. ‘आयड’मध्ये वुड आहे आणि वरच्या ‘यूड बेटर’मध्ये हॅड. कानाला सारखंच, लिहिताना घोळ होतो.

7. न जुळणाऱ्या जोड्या

मोडल आणि क्रियाविशेषण दोघंही खात्रीचं माप सांगतात. मापं जुळली नाहीत की वाक्य डगमगतं. अंदाजाचा ‘मस्ट’ म्हणजे जवळजवळ पक्कं, मग ‘ही मस्ट प्रॉबेबली बी अ‍ॅट होम’ कशाला? ‘ही मस्ट बी’ किंवा ‘ही इज प्रॉबेबली’, दोन्हीपैकी एक. ‘मे डेफिनेटली’ म्हणजे बहुधा नक्की, हेही तसंच. ‘माइट पॉसिबली’ पुनरुक्ती असूनही नम्रपणासाठी चालून जाते.

‘मेबी’ एक शब्द, अर्थ कदाचित, जागा वाक्याच्या सुरुवातीला : ‘मेबी ही विल कम.’ ‘मे बी’ दोन शब्द, मोडल आणि क्रियापद : ‘ही मे बी लेट.’ लिहिताना मधली जागा विसरू नका, आणि दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका.

‘प्रॉबेबली’ प्रश्नात शोभत नाही. ‘विल ही प्रॉबेबली कम?’ ऐवजी ‘डू यू थिंक ही विल कम?’

आणि ‘आय वुड डेफिनेटली कम टुमॉरो’. नम्र वाटावं म्हणून ‘विल’चा ‘वुड’ करतात. ऐकणारा मग पुढच्या ‘इफ’ची, म्हणजे ‘जर’ची, वाट बघत बसतो. पक्कं येणार असाल तर ‘विल डेफिनेटली’.

8. ऑफिसात आणि फोनवर

विनंतीची चढती भाजणी : ‘कॅन यू सेंड इट’, ‘कुड यू प्लीज सेंड इट’, ‘कुड यू पॉसिबली सेंड इट टुडे’. प्रश्नातला हा ‘पॉसिबली’ पुन्हा वेगळा : जमण्यासारखं असेल तर बघा. फार मोठं काम सांगताना तिसरी पायरी वापरा. झेरॉक्स मागायला ती वापरली तर टोमणा वाटतो.

‘काइंडली’ आपल्या पत्रांचा लाडका. भारताबाहेर तो जुनाट वाटतो, आणि ‘वुड यू काइंडली’ तर अनेकदा वैतागलेला माणूस म्हणतो. ‘प्लीज’ कधीही सुरक्षित.

मध्येच बोलायचं असेल तर ‘कुड आय जस्ट आस्क’. इथं ‘जस्ट’ म्हणजे आपलं ‘जरा’.

9. तुटक उत्तरात जागा उलटते

मुख्य क्रियापद गळालं की क्रियाविशेषण मोडलच्या आधी येतं. ‘विल ही कम?’ – ‘ही प्रॉबेबली विल.’ ‘यू रिअली शुड.’ ‘आय नेव्हर कुड.’ ‘ही विल प्रॉबेबली’ म्हणून थांबलात तर वाक्य अर्धवट लटकतं.

10. लांबलचक क्रियापदात

खात्रीचा शब्द पहिल्या मोडलनंतर, रीतीचा शब्द शेवटच्या क्रियापदाला चिकटून : ‘द फॉर्म शुड प्रॉबेबली हॅव बीन प्रॉपरली साइन्ड.’ बोलताना इतकं लांब जायची वेळ क्वचित येते.

11. तपासणी आणि सराव

एखाद्या जोडीची शंका आली तर ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये शोधा. सुमारे 10 कोटी शब्दांचा हा संग्रह आहे आणि त्यात बोललेलं इंग्रजीही आहे. ‘मे वेल’ टाका, मग ‘शुड वेल’ टाका आणि किती वाक्यं मिळतात ते ताडून पाहा. मजकूर गेल्या शतकाच्या अखेरीचा असला तरी या जोड्या तेवढ्या लवकर बदलत नाहीत. सर्च इंजिनवर अवतरणचिन्हांत टाकून शोधलंत तर आपल्यासारख्यांच्या चुकाही मोजल्या जातात, त्यामुळं तो आकडा जपून घ्या.

वहीतली तीन मराठी वाक्यं घ्या, मोबाइलमध्ये इंग्रजीत बोला आणि लगेच ऐका. दोन गोष्टी तपासा. पहिली, ‘कॅन’ आणि ‘ऑलवेज’च्या मध्ये थांबलात का? जोडी एका दमात आली पाहिजे. दुसरी, जोर कुठं पडला? होकारातला ‘कॅन’ हलका, जवळजवळ ‘कन’ असा निघतो आणि जोर पुढच्या शब्दांवर जातो. ‘कान्ट’ मात्र पूर्ण आणि लांब. आपण दोन्ही सारख्याच जोरानं म्हणतो, त्यात शेवटचा ‘ट’ फोनवर गिळला जातो आणि समोरचा ‘हो की नाही?’ असं पुन्हा विचारतो. रेकॉर्डिंग दुसऱ्या खोलीतल्या माणसाला ऐकवा. त्याला हो-नाही पहिल्याच खेपेला कळलं तर पुढच्या पानावर जा.